घोड्याची कुळी

आमचे आबा शाळेची पायरी चढले नव्हते. पण दोन गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. एक हरिपाठ आणि दुसरी आमच्या घोड्याची कुळी. हरिपाठ संध्याकाळी एकदाच व्हायचा. कुळी मात्र दिवसातून चार-पाच वेळा व्हायची. वाटसरू ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि त्याची नजर गोठ्याकडं गेली की आबा सुरू.

"कुमेत दिसतो तो. ह्याचा बाप नुकरा, दुधासारखा. आजा अस्सल अरब. मुंबईच्या तबेल्यातनं संस्थानच्या पागेत आला, तिथंच खपला. आजी काठेवाडी, कानाची टोकं एकमेकाला भिडायची. आन् पणजी आपली भीमथडीची. अटकेचं पाणी प्यालेली."

पुढे शाळेत मराठे अटकेला १७५८ साली पोचले हे शिकलो आणि एका रविवारी पाटीवर हिशेब मांडून बसलो. आमचा घोडा १९६० च्या आसपास जन्मलेला. मधे दोनशे वर्षं आणि पिढ्या मोजून तीन. म्हणजे एकेका घोडीनं साठ-सत्तर वर्षांची होऊन व्यायला पाहिजे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "तू गणित कर. घोड्याच्या नादी लागू नको."

आमचं गाव भीमेच्या काठाला, दौंडच्या खालच्या अंगाला. थडी म्हणजे काठ. भीमेची थडी म्हणून भीमथडी. इंग्रजांच्या काळात तर या नावाचा तालुकाच होता आणि त्याची कचेरी बारामतीला होती. त्या वेळी गावात बैल सगळ्यांकडं, घोडा दोघा-तिघांकडं, आणि अंडील घोडा फक्त आमच्याकडं. अंडील म्हणजे खच्ची न केलेला. असला घोडा पाळणं म्हणजे घरात रागीट जावई ठेवल्यासारखं. वाऱ्यावर घोडीचा वास आला की दावं तोडायचा, हुंकारायचा. आईला त्याचा राग होता, कारण त्याची हरभऱ्याची चंदी घरच्या डाळीतून जायची. तरी आबांनी तो ठेवला होता, कारण तो कमावत होता.

मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडं उतरलेले धनगर वैशाख-ज्येष्ठात परत यायचे. त्यांचा सगळा संसार घोड्यांवर असतो. वाकळा, भांडी, तंबूची पालं, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि सगळ्यात वर चालता न येणारं पोर. वाडा उठला की घोडी पुढं. त्यांची घोडी माजावर आली की ते आमच्या दारात येत. पैशाचा व्यवहार नसायचा. पेरणीच्या आधी आमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायची, हाच मोबदला. एरवी रानात मेंढरं बसवायला शेतकऱ्यानं धनगराला धान्य द्यायचं अशी रीत. इथं उलटं. दोन रात्रींच्या लेंडीखतावर आमचं वरचं रान पुढची दोन वर्षं ज्वारी द्यायचं. आबांच्या तोंडच्या कुळीमागं हे रान होतं.

लावायची तऱ्हा मला आठवते, जरी आम्हा पोरांना तिथून हाकलायचे. मधे आडवा बांबू धरायचा आणि दोघांना बांबूच्या दोन बाजूंनी जवळ आणायचं. घोडीनं कान पाडले, लाथ झाडली तर अजून वेळ आहे. शेपूट बाजूला धरून उभी राहिली तर बांबू काढायचा. एकवीस दिवसांनी फिरून दाखवायची. झिडकारलं तर राहिली. मग अकरा महिने वाट बघायची.

घोडी आणणाऱ्यांत दोन तऱ्हा होत्या. आजूबाजूच्या गावचे पाटील-देशमुख आले की घोड्याच्या पुढं उभे राहत. मान, आयाळ, रंग बघत. मग अंगावरचे भोवरे हुडकत. गळ्यावर देवमण आहे का? डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना? देवमण असला की घरात लक्ष्मी येते आणि आसूढाळ असला की घरात रडं येतं, असं सगळे मानत. घोड्यांवरच्या जुन्या शालिहोत्री पोथ्यांतून हे ज्ञान कुणाकुणाच्या तोंडून झिरपत गावात आलेलं. आमच्या घोड्याला देवमण होता, त्यामुळं आबा ते केस पाणी लावून, बोटानं वळवून दाखवत.

धनगर मात्र कुळी ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि मग घोड्याचा खूर उचलून बघायचा. दगडावरनं चालवायला लावायचा. आणि विचारायचा, "आबा, आई काय वजं वाहत व्हती ह्याची?" ह्याला आबांकडं उत्तर नव्हतं. त्यांच्या कुळीत बाप होता, आजा होता, आया होत्या त्या कानाच्या टोकापुरत्या.

घोड्याचा बाप सांगायची ही खोड एकट्या आबांची नव्हती. दख्खनच्या घोड्याची सगळी गोष्टच बाहेरून आलेल्या बापाची आहे. आपल्याकडची मूळची तट्टं लहान, काटक. उंच घोडा आला तो समुद्रावाटे, ठाणे, चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरून. तेराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या मार्को पोलोनं ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवलंय की त्याचा चाच्यांशी करार होता. लुटलेल्या जहाजावरचा बाकीचा माल तुमचा, घोडे आमचे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी होर्मुझहून येणारा घोडा आपल्याच बंदरात उतरेल अशी व्यवस्था लावली, आणि विजयनगर अन् विजापूर दोघंही त्यासाठी त्यांची मर्जी सांभाळत राहिले. त्या अरबी-तुर्की रक्ताचा थोडाथोडा अंश घाट चढून वर आला, इथल्या घोड्यांत मिसळला आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यांत त्याचा एक वेगळा घोडा झाला. मध्यम उंचीचा, पोटानं कमी खाणारा, खडकावर न अडखळणारा.

मराठ्यांचं सगळं राजकारण या घोड्याच्या पाठीवर चाललं. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा आणी. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीच्या वेळचं १६७३ चं पत्र बहुतेकांना माहीत असतं. पावसाळ्यापुरता दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गंजी पेटेल, इथपर्यंत बारकावा त्यात आहे. म्हणजे घोडा काय खातो, कुठं बांधला जातो, कुणाच्या हवाली आहे याची इतकी काळजी. पण अमक्या घोडीला अमका घोडा लावला आणि त्यांचं हे शिंगरू, अशी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली वही आपल्याकडं झाली नाही. ते सगळं मोतद्दाराच्या, चाबुकस्वाराच्या डोक्यात. तो गेला की कुळी गेली.

वही केली इंग्रजांनी. लंडनला वेदरबी नावाच्या माणसानं १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापली. तिला जनरल स्टड बुक म्हणतात आणि ती आजही चालू आहे. जगातले सगळे शर्यतीचे थरोब्रेड घोडे बापाच्या बाजूनं मागं मागं नेले की तीन घोड्यांवर येऊन थांबतात. तिघंही पूर्वेकडून आणलेले. त्यातला एक डार्ली नावाच्या व्यापाऱ्यानं १७०४ च्या सुमारास सीरियातल्या अलेप्पोहून धाडलेला. गंमत अशी की एवढ्या काटेकोर वहीच्या पहिल्या पानावर जे उभे आहेत, त्यांचे स्वतःचे आई-बाप वहीत नाहीत. विकणाऱ्यानं सांगितलं ते खरं. हे वाचलं त्या दिवशी मला आबांची फार आठवण झाली.

आणि हे वाचताना मार्स्क नावाच्या घोड्याची गोष्ट सापडली. हा शर्यतीत फारसा चमकला नाही. त्याचा धनी असलेला सरदार १७६५ मध्ये वारला, तेव्हा घोडा मातीमोलानं गेला आणि खेड्यात कुणाच्याही घोडीला अर्ध्या गिनीत लावला जाऊ लागला. मग त्याच सरदाराच्या तबेल्यात, १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेलं एक शिंगरू मोठं झालं. नाव एक्लिप्स. ग्रहण. ते अठरा शर्यती धावलं आणि एकही हरलं नाही. लोक विचारायला लागले, ह्याचा बाप कोण? मार्स्क! त्याबरोबर त्याचा शोध लागला आणि त्याची फी चढत चढत शंभर गिनींवर गेली. घोडा तोच, रक्त तेच. फक्त पोरानं बापाचं नाव काढलं. वर तंटाही होताच. एक्लिप्सच्या आईला त्या हंगामात दुसराही एक घोडा लावला होता, तेव्हा खरा बाप तोच, असं म्हणणारे शेवटपर्यंत होते. वही असूनसुद्धा!

तिकडच्या खेड्यांत शर्यतीच्या घोड्यांची नव्हे, तर नांगराच्या थोराड घोड्यांची आणखी एक रीत होती. एक माणूस अंडील घोडा लगामाला धरून गावोगाव पायी फिरे. सोमवारी ह्या गावी, मंगळवारी त्या गावी, आपल्या आठवडी बाजारासारखं. तो छापील कार्ड वाटायचा. त्यावर घोड्याचं नाव, बाप, आजा, आईचा बाप, मिळालेली बक्षिसं, फी आणि कोणत्या वारी कुठल्या खाणावळीत मुक्काम हे सगळं. आबा जे ओट्यावर बसून तोंडानं करायचे, ते हा कागदावर करायचा.

इंग्रज इथं आले ते हीच समजूत घेऊन. त्यांना पलटणीला घोडे हवे होते. बिहारात पुसा इथं कंपनीचं घोड्यांचं पैदास केंद्र होतं. त्याचा प्रमुख म्हणून १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा जनावरांचा डॉक्टर आला. हिंदुस्थानात चांगले वळू नाहीत या ध्यासानं तो लडाख, काश्मीर करत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर मेला. घोड्याच्या बापासाठी इतका जीव टाकलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. पुढं १८७६ च्या सुमारास सरकारनं धोरण बदललं. स्वतः पैदास करण्यापेक्षा चांगले वळू जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे आणि लोकांच्या निवडक घोड्या डाग देऊन त्यांना दाखवायच्या. अरब, थरोब्रेड, इंग्लंडातले नॉरफोक ट्रॉटर असे नाना वळू आले. सरकारला घोडा उंच हवा होता, तोफ ओढणारा, गोरा स्वार पेलणारा. धनगराला काय हवं हे विचारायची कुणाला गरज वाटली नसावी. इकडं १८१८ नंतर मराठ्यांची फौज मोडलेली. भीमथडीच्या घोड्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. तो तट्टू म्हणून टांग्याला लागला आणि उरलासुरला मेंढरांमागं गेला.

आता आमच्या घोड्याकडं येतो. साल नक्की आठवत नाही, पण दुष्काळाच्या, म्हणजे १९७२ च्या, दोन-तीन वर्षं आधीचं. ज्येष्ठात एक धनगर आला. दरसाल येणारा, आबांच्याच वयाचा. मागं अडीच-तीन वर्षांचं शिंगरू. रंग हुबेहूब आमच्या घोड्याचा, मानही तशीच. आबा खूश. "बघा, बापावर गेलंय!"

धनगर म्हणाला, "गेलंय खरं. आबा, जरा मागनं बघा."

आबा मागं गेले. मीही गेलो. मागच्या पायांची ढोपरं आत वळलेली, गाईसारखी एकमेकाला घासत होती. घासून तिथले केस गेले होते.

"वजं टाकलं की घाट उतराया बसतंय. औंदा पोरगी पडली वरनं. हात मोडला." तो चिडलेला नव्हता. "तुमी कुळी लई मोठी सांगितली व्हती, आबा. म्हनून आनलं दाखवाया."

आबा बोलले नाहीत. त्यांनी शिंगरू चालवून बघितलं, वळवून बघितलं. मग आत येऊन पटका बांधला आणि काकांना सायकल काढायला लावली. आठ दिवस दोघं गावोगाव फिरले. आमच्या घोड्याची जिथं जिथं शिंगरं होती तिथं गेले. चुलत्याच्या सायकलीला मागं बसून आबा, हे दृश्य लोकांना नवं होतं. अकरा शिंगरं त्यांनी बघितली. चारांची ढोपरं तशीच. दोघांच्या मालकांना पत्ताच नव्हता, कारण त्यांनी घोडं मिरवणुकीपुरतं ठेवलं होतं. मिरवणुकीत घोड्यावर नवरदेव बसतो, ओझं नाही. आमच्या घोड्याला स्वतःला हा दोष जवळजवळ दिसत नव्हता. जरासा असला तरी आम्ही आठ वर्षं त्याला पुढूनच बघत आलो होतो.

नवव्या दिवशी आबांनी धनगराच्या वाड्यावर दोन पोती ज्वारी पाठवली, मागच्या रात्रींच्या मेंढरांची. आणि जनावरांचा डॉक्टर बोलावून घोडा खच्ची करून घेतला. आई म्हणाली, "आता तरी गप बसंल." तिला घोडा म्हणायचं होतं. पण गप्प बसले ते आबा. कुळी त्यांनी पुन्हा सांगितली नाही. एकदा मीच विचारलं, तो अरब कुठल्या संस्थानातला? ते म्हणाले, "जत्रंत घोडेवाल्यानं सांगितलं. मी घेतलं पाठ करून." संस्थानं विलीन झाली, पागा मोडल्या, त्यानंतर बरीच वर्षं बाजारातला प्रत्येक घोडा कुठल्या ना कुठल्या राजाच्या पागेतून बाहेर पडलेला असायचा. खरे थोडे असतीलही.

मला पुढं कळलं की अरबस्तानातले बेदू घोड्याचं घराणं आईवरून मोजतात. शिंगरू कुठल्या घराण्यातलं, तर त्याची आई ज्या घराण्यातली त्या. त्यांनी जगाला घोडे विकले, पण चांगल्या घोड्या सहसा हातच्या सोडल्या नाहीत. आपल्या धनगराचा प्रश्न, आई काय वाहत होती, तो त्याच जातीचा.

आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर पुणं. शर्यतीच्या थरोब्रेडची हिंदुस्थानातली वही पुण्यालाच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाकडं असते. तिथं आता शिंगराचा डीएनए तपासून आई-बाप पक्के करतात. वहीत नाव नसेल तर ते शर्यतीला उभंच राहू शकत नाही. आणि त्याच जिल्ह्यात, मेंढरांमागं चालणाऱ्या घोड्याला कालपरवापर्यंत जात म्हणूनही कुणी मोजलं नव्हतं. सरकारी यादीत मारवाडी होता, काठेवाडी होता, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झंस्करी, कच्छी-सिंधी होते. ज्याच्या नावानं पोवाडे गायले तो भीमथडी नव्हता. त्याची नोंद स्वतंत्र जात म्हणून झाली २०२३ साली, आठवी. मोजमापं घेणारी माणसं धनगरांच्या वाड्यांवर गेली होती. घोडे होतेच. सांगणारे होते, लिहून घेणारं कुणी आलं नव्हतं इतकंच. आता प्रश्न असा की या जातीचा वळू निवडायचा कशावर? नाव मिळालं की भाव येतो, भाव आला की उंच, देखण्या नराला मागणी येते. मला भीती वाटते ती तिथं. पाच-दहा वर्षांत भीमथडी दोन इंच उंच होईल आणि घाटात बसायला लागेल.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याबरोबर सारंगखेड्याला गेलो होतो. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणारी यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे नुकरे. नुसता बाजार नाही, मैल-मैल फ्लेक्स लागलेले. प्रत्येक नामांकित वळूचा मांडव, त्यावर त्याचा फोटो आणि खाली बाप, आजा, आईचा बाप, उंची इतके इंच, देवमण आहे. किंमत कोटीत सांगायची आणि वर विकायचा नाही म्हणायचं. ते बरोबरच आहे. घोडा विकायचा नसतोच, त्याचं नाव गाजवायचं असतं. नाव गाजलं की वर्षभर घोड्या दारात येतात. कुळी लॅमिनेट केलेली पाहिली आणि मला आमचा ओटा आठवला.

एका मांडवात काळाभोर मुश्की घोडा होता. खरंच देखणा. मालक तरुण, फेटा बांधलेला. मी विचारलं, "ह्याची शिंगरं बघायला मिळतील का?"

"आहेत ना काका. मोबाईलवर दाखवतो." त्यानं दाखवली. सगळी समोरून काढलेली, कान ताठ, मान वर.

मी घोड्याच्या मागं जायला निघालो. तो धावत आला, माझ्या दंडाला धरून त्यानं मला आदरानं वळवलं.

"काका, तिकडून नको. पुढून बघा. फोटो पुढूनच चांगला येतो."